बेरीज कोणत्या दिशेने?

पेरणी आटोपली की नांदगाव पेठच्या शिवारात माणसं दिवस मोजू लागतात. पाणी येऊन आठ दिवस झाले, बारा झाले, पंधरा झाले. सोयाबीन माना टाकतं, हलक्या जमिनीतली कपाशी सुकते आणि दुबार पेरणीचं बोलणं निघतं. सप्टेंबरअखेर मात्र पावसाची सरासरी भरलेली दिसू शकते. दोन्ही गोष्टी खऱ्या असतात, कारण आकडे तेच असले तरी बेरजेची दिशा वेगळी असते.

हवामान विभागाने पुण्यात ६,९५५ पर्जन्यमापकांच्या नोंदी घेऊन १९०१ ते २०१० चा रोजचा पाऊस पाव-पाव अंशाच्या जाळीवर बसवला आहे. त्यात १२९ ओळी आणि १३५ रकाने. पहिली ओळ साडेसहा अक्षांशावर, पहिला रकाना साडेसहासष्ट रेखांशावर. तिथून मोजत आलं की नांदगाव पेठजवळचा बिंदू ५९व्या ओळीत, ४६व्या रकान्यात सापडतो. तो आकडा गावातल्या पर्जन्यमापकाचा नाही, आसपासच्या नोंदींवरून काढलेला अंदाज आहे, हे विसरू नये. जून ते सप्टेंबरचे १२२ दिवस आणि ११० वर्षं घेतली की चार मितींचा ठोकळा तयार होतो : २३ कोटी ३७ लाख आकडे.

संगणकावर नेहमीच्या पद्धतीने या ठोकळ्याचा हिशेब करायचा तर एका आवर्तनात दुसरं, दुसऱ्यात तिसरं असं लिहीत जावं लागतं. संगणकशास्त्रज्ञ केनेथ आयव्हरसन यांना हे पटत नव्हतं. हार्वर्डमध्ये शिकवताना त्यांनी स्वतःची चिन्हलिपी घडवली. १९६२ च्या त्यांच्या पुस्तकावरून तिला ‘एपीएल’ हे नाव पडलं आणि १९७९ मध्ये त्यांना ट्युरिंग पुरस्कार मिळाला. या भाषेत अधिक चिन्हापुढे तिरकी रेघ दिली की अख्ख्या ठोकळ्याची शेवटच्या मितीच्या दिशेने बेरीज होते. रेघेला आडवी काट दिली की पहिल्या मितीच्या दिशेने. आकड्यांच्या अशा ठोकळ्यांवर काम करणाऱ्या आजच्या ‘नमपाय’ या संगणकीय साधनातही हीच कल्पना आहे. ज्या दिशेने बेरीज होते ती मिती नाहीशी होते. दिवसांची मिती मिटवली की हंगामाचा एकूण पाऊस हाती येतो, पण पाणी कधी आलं हा क्रम कायमचा जातो. शेतकऱ्याचं नुकसान नेमकं त्या क्रमात असतं. म्हणून आधी कोणती मिती राखायची ते ठरवावं, असं मला आग्रहाने वाटतं.

पावसातला खंड, म्हणजे सलग पंधरा कोरडे दिवस, शोधताना दिवस राखायचे. सगळ्या ठोकळ्याला एकाच चिन्हाने विचारायचं : २.५ मिलिमीटर किंवा जास्त? हवामान विभागाच्या लेखी तेवढा पाऊस झाला तरच तो पावसाळी दिवस. उत्तर त्याच आकाराचा शून्य-एकांचा ठोकळा. आता सलग १५ दिवसांची चौकट एकेक दिवस पुढे सरकवायची. १२२ दिवसांत अशा १०८ चौकटी बसतात. जिची बेरीज शून्य, तिथे खंड. एक काळजी मात्र घ्यावी लागते. समुद्रावर आणि सीमेपलीकडे आकडा नसल्याची खूण म्हणून उणे ९९९ भरलेलं असतं. ते आधी वगळलं नाही, तर अरबी समुद्रात दरवर्षी दुष्काळ निघतो.

मग १०८ चौकटींपैकी एक जरी शून्याची असली तरी त्या वर्षाला एक मांडायचा. आता दिवसांची मिती मिटली तरी चालते, तिचं काम झालेलं असतं. शेवटी वर्षांच्या दिशेने बेरीज. हे सगळं जेमतेम एका ओळीत मावतं आणि एका गावासाठी लिहिलेली ओळ सगळ्या देशालाही जवळपास तशीच लागू पडते. उरतो १२९ ओळी आणि १३५ रकान्यांचा नकाशा. प्रत्येक चौकोनात एकच आकडा, ११० पैकी किती वर्षं पावसाने पंधरा दिवस ओढ दिली. ५९वी ओळ, ४६वा रकाना नांदगाव पेठचा.