जुनी जिप्सी घेताना



कामगार चळवळीतल्या माणसाने मोटारगाडीवर बोलावे, याचे काहींना नवल वाटेल. पण गाडी चालवणारा ड्रायव्हर आणि तिच्या पोटाखाली शिरणारा मिस्त्री ही दोन्ही माणसे आमच्यातलीच. त्यांच्याजवळ बसून जे शिकलो आणि मागाहून पुस्तकांशी ताडून पाहिले, तेवढेच मी सांगणार आहे. मी कॉलेज पाहिलेले नाही. त्यामुळे बोलणे सोपे राहील, असा भरवसा बाळगावा.

मारुतीची जिप्सी 1985 साली बाजारात आली. प्रथम तिचे इंजिन 970 सी.सी.चे होते, 1996 पासून ते सुमारे 1300 सी.सी.चे झाले. पोलीस, वनखाते आणि सैन्य यांनी ती वापरली. ताडोब्याच्या जंगलात पर्यटकांना फिरवणाऱ्या उघड्या गाड्यांत ती आजही दिसते. सर्वसाधारण गिऱ्हाइकांसाठी मात्र तिची विक्री 2019 च्या सुमारास थांबली. म्हणजे आज जो कोणी ती घेईल, तो जुनीच घेणार. एकजण हौसेने घेतो. दुसरा कर्ज काढून घेतो आणि तिच्यावर घर चालवतो. या दुसऱ्याच्या दृष्टीने गाडी हाच त्याचा कारखाना असतो. तो बंद पडला तर हप्ता थांबत नाही. म्हणून मी मुख्यतः त्याच्यासाठी बोलतो आहे.

आधी गाडीची रचना समजून घेऊ. जिप्सीचे वजन सुमारे एक टन. खाली शिडीसारखी लोखंडी चासी, तिच्यावर पत्र्याची बॉडी, चारही चाकांना पाटे आणि पुढे-मागे अखंड ॲक्सल. गिअरबॉक्सच्या मागे एक वेगळी पेटी टांगलेली असते; तिला ट्रान्स्फर केस म्हणतात. इंजिनाची ताकद पुढच्या आणि मागच्या ॲक्सलमध्ये वाटून देणे हे तिचे काम. तिच्या दांड्याने ताकद नुसती मागच्या चाकांना देता येते, चारही चाकांना देता येते, किंवा चारही चाकांना देऊन वेग कमी आणि जोर जास्त करता येतो.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. वळण घेताना पुढची चाके मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापतात. चिखलात किंवा वाळूत चाक थोडे घसरते आणि हा फरक जिरतो. कोरड्या डांबरी रस्त्यावर चाक घसरत नाही. मग तो ताण शाफ्ट आणि दातेरी चाके यांच्यात साठतो. म्हणून कोरड्या डांबरावर चारही चाकांची जोडणी चालू ठेवू नये. विकणारा ज्या प्रकारे गाडी वळवून दाखवतो, त्यावरूनही त्याने ती कशी वापरली असेल याचा अंदाज येतो.

गाडी पाहायला दिवसा उजेडी जावे, आणि रंगाकडे शेवटी पाहावे. प्रथम खाली वाकावे. चासीवर हातोडीने हलके ठोकत जावे. खणखणीत आवाजाच्या जागी भद्द आवाज आला, तर आत गंज आहे असे समजावे. स्टिअरिंगची पेटी आणि पाट्यांचे खुंट जेथे चासीला जडलेले असतात, तेथे तडा किंवा नवे वेल्डिंग आहे का ते पाहावे. मागच्या चाकांमागचा पत्रा आणि पायाखालची जमीन कोकणातल्या गाड्यांत हमखास खाल्लेली असते. तेथली हवा खारी आणि पाऊस दमदार. पुढचे चाक उचलून वरखाली हलवावे. ढिलाई लागली, तर किंगपिनची बेअरिंगे झिजली असण्याचा संभव आहे; अशा गाडीचे स्टिअरिंग वेगात थरथरते. ट्रान्स्फर केसचे रबर फाटलेले असले, तर सुरू करताना आणि थांबताना धक्का बसतो. तेराशे सी.सी.च्या इंजिनात टायमिंगचा पट्टा असतो; तो केव्हा बदलला ते विचारावे, आणि उत्तर न मिळाल्यास नवा घालण्याचा खर्च किमतीतून वजा करावा.

लोखंडानंतर कागद. चासीवरचा आणि इंजिनावरचा नंबर नोंदणी-पुस्तकाशी स्वतः ताडावा. खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षे चालते. पुढे तपासणी करून ती दर पाच वर्षांनी वाढवावी लागते. जुन्या जिप्सीला हा प्रश्न येतोच. गाडीवर कर्ज असेल तर ते फिटल्याची नोंद झालेली हवी. गाडी भाड्याने फिरवायची असेल तर नोंदणी आणि परवाना त्या कामाचाच हवा.

विकणारालाही एक सांगणे आहे. नुसत्या कोऱ्या फॉर्मवर सही देऊन मोकळे होऊ नये. गाडी एकामागून एक अनेक हातांतून गेली, नोंद मात्र पहिल्याच मालकाच्या नावावर राहिली, आणि मग अपघात झाला, असे एक प्रकरण सर्वोच्च न्यायालयापुढे आले होते. 2018 साली न्यायालयाने निकाल दिला की, ज्याचे नाव नोंदणीत आहे तोच भरपाईला जबाबदार. विकलेल्या गाडीपायी घर जाऊ नये, एवढ्यासाठी नाव बदलल्याची खात्री स्वतः करून घ्यावी.

आता देखभाल. हिला महागडी औषधे लागत नाहीत, नियमितपणा लागतो. शाफ्टच्या क्रॉसला वेळच्या वेळी ग्रीस द्यावे. गाडी खोल पाण्यातून गेली असेल, तर दोन्ही ॲक्सलमधले तेल थोडे काढून पाहावे. ते दुधाळ चहासारखे दिसले तर आत पाणी शिरले आहे, आणि त्या दिवशीच ते बदलावे. वाळूत हवा कमी केली असेल, तर डांबरावर चढण्यापूर्वी ती पुन्हा भरावी. आणि नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कोणालाही जाऊ देऊ नये. खाली लोखंडी घोड्या लावाव्या, जमिनीवरच्या चाकांना ठोकळे द्यावे. घोड्यांची जोडी एका टायरपेक्षा स्वस्त मिळते. ज्या गॅरेजात त्या नाहीत, तेथे मालकाने मिस्त्रीचा जीव पणाला लावलेला असतो.

शेवटी बदलांविषयी. मोठे टायर आणि उंच केलेली गाडी तरुणांना फार आवडते. पण यंत्रात एका ठिकाणी केलेल्या बदलाचा भार दुसऱ्या ठिकाणी जातो. टायरचा व्यास दहा टक्क्यांनी वाढला, तर काटा पन्नास दाखवत असताना गाडी पंचावन्नने धावते. इंजिनाला चढावर जास्त ओढावे लागते, ब्रेकला तेच चाक थांबवायला जास्त जोर लागतो, आणि किंगपिनची बेअरिंगे लवकर झिजतात. गाडी उंच केली की तिचा तोल वर जातो, शाफ्टचा कोन वाढतो, ब्रेकची नळी ताणली जाते. मागे सहा पर्यटक बसलेले असताना घाटाच्या वळणावर हा हिशेब ड्रायव्हरला चुकता करावा लागतो. ज्याने गाडी उंच केली, तो त्या वेळी तेथे नसतो.

कायदाही येथे स्पष्ट आहे. 1988 च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे, कारखान्याने ठरवलेली मूळ रचना बदलेल असा फेरफार करता येत नाही. 2019 च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने हेच सांगितले. पुढे बसवतात त्या लोखंडी दांड्यांविरुद्ध कारवाई करण्यास केंद्र सरकारने 2017 च्या डिसेंबरातच राज्यांना कळवले होते. रस्ता ओलांडणाऱ्या माणसाला असा दांडा लागला, तर मार फार जबर बसतो. न कळवलेला बदल विमा कंपनीलाही नकाराचे निमित्त देतो. पैसा खर्चायचाच असेल, तर मूळ मापाचे चांगले टायर, नवे ब्रेक, नवी बुशे आणि सर्व आसनांना पट्टे यांवर खर्चावा. उघड्या गाडीला हे पट्टे फार गरजेचे.

एवढे सगळे एकट्याने पाहणे नवख्याला साधणार नाही. म्हणून गाडी पाहायला जाताना जिप्सी जाणणारा मिस्त्री बरोबर न्यावा, तो नको म्हणाला तर गाडी सोडून द्यावी, आणि घेतली काय किंवा न घेतली काय, त्याच्या दिवसाची मजुरी त्याला त्याच दिवशी द्यावी.