विश्लेषण : रसायनशास्त्रात कोडिंग प्रोजेक्ट करायचाय? तामलवाडीचा रेणू लॅपटॉपवर घ्या

शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट ठरवायची वेळ आली की ‘एआय वापरून नवे औषध शोधणे’ हा विषय हमखास पुढे येतो. नाव भारदस्त, पण उत्तर बरोबर की चूक हे तपासायचे कसे? औषधाची खरी परीक्षा प्रयोगशाळेत होते, सेमिस्टरमध्ये नाही. व्हायव्हात अडकायला होते ते इथेच.

मग विषय कसा निवडायचा?

उत्तर आधीच माहीत आहे, पण कारण सोपे नाही, असा प्रश्न घ्या. सोलापूरच्या विद्यार्थ्याला तो जवळच सापडतो. तुळजापूर रस्त्यावर तामलवाडीला बालाजी अमाइन्सचा कारखाना आहे. तिथल्या मिथिल अमाइन्स गटातले तीन रेणू म्हणजे मोनो, डाय आणि ट्राय. अमोनियाला एक, दोन किंवा तीन मिथिल गट जोडले की हे तयार होतात.

यांपैकी सर्वांत तीव्र आम्लारी कोण? वायुरूपात उत्तर सरळ आहे. मिथिल गट वाढतील तशी प्रोटॉन धरण्याची ताकद वाढते : सुमारे ८९९, ९३० आणि ९४९ किलोज्यूल प्रतिमोल. पाण्यात मात्र क्रम बिघडतो. तिथे पीकेए अनुक्रमे साधारण १०.६, १०.७ आणि ९.८. म्हणजे वायुरूपात पहिला आलेला ट्राय पाण्यात शेवटचा! प्रोटॉन घेतलेल्या ट्रायकडे पाण्याशी हायड्रोजन बंध करायला एकच हायड्रोजन उरतो, मोनोकडे तीन असतात. पाणी त्याला तेवढे सावरून धरत नाही.

कोड नेमका काय करेल?

साय-फोर हे मोफत सॉफ्टवेअर पायथॉनमधून चालते. प्रोटॉनसह आणि प्रोटॉनशिवाय रेणूची ऊर्जा काढायची, फरक घ्यायचा. वायुरूपातला क्रम इथेच जुळायला हवा. जुळला नाही तर चूक आपल्या कोडमध्ये. पुढचा टप्पा पाण्याचा. पाणी सलग माध्यम मानले तर क्रम जुळेलच असे नाही. मग रेणूभोवती एक, दोन, तीन पाण्याचे रेणू ठेवून काय बदलते ते पाहायचे. खरा प्रोजेक्ट हाच. क्रम नाही जुळला तरी का नाही, हे लिहिता येते.

लॅपटॉप पुरेल?

ट्रायमिथिल अमाइनमध्ये १३ अणू, ३४ इलेक्ट्रॉन. साधी पद्धत सहज चालेल. अचूकतेसाठी नावाजलेल्या सीसीएसडी(टी) पद्धतीत मात्र रेणू दुप्पट झाला की गणिताचे काम सुमारे १२८ पट वाढते. रात्री लावून सकाळी बघू, असे म्हणून चालत नाही.

याच अडचणीवर पुणे विद्यापीठात डॉ. श्रीधर गद्रे यांच्या गटाने १९९४ मध्ये ‘मॉलिक्युलर टेलरिंग’ पद्धत मांडली. मोठा रेणू एकमेकांवर थोडे चढणाऱ्या तुकड्यांत कापायचा, तुकड्यांची गणिते करायची आणि उत्तरे पुन्हा शिवायची. चादरींच्या शहराला ही शिंपीगिरी वेगळी समजावून सांगायला नको.

क्वांटम गणित नको असेल तर?

फक्त कोडिंगची आवड असलेल्यांसाठी सीसीलिब आहे. वेगवेगळ्या रसायन-सॉफ्टवेअरच्या आउटपुट फाइल वाचून त्यातले आकडे एका साच्यात आणणारी ही पायथॉन लायब्ररी. ‘गुगल समर ऑफ कोड’मध्ये अशा प्रकल्पांना ‘ओपन केमिस्ट्री’ या छत्राखाली याआधी जागा मिळाली आहे. २०२२ पासून ही योजना विद्यार्थ्यांपुरती राहिलेली नाही. १८ वर्षे पूर्ण केलेले नवखेही अर्ज करू शकतात. अर्जाआधी एखादा छोटा बग दुरुस्त करून पाठवला, तर मेंटॉरला तुमचा कोड आधीच वाचायला मिळतो.