भाड्याची खोली आणि थंडी

निफाड भागात काही वर्षी पारा पाच अंशांच्याही खाली उतरतो. द्राक्षबागेसाठी आपण रात्री शेकोट्या पेटवतो. पण मळ्यातली खोली ज्याला भाड्याने दिली, त्याचे काय?

दिवाळी झाली की सरकलेली कौले बसवावीत, भिंतीच्या भेगा लिंपाव्यात, दाराखालच्या फटीला लाकडी पट्टी मारावी. वरचा झरोका मात्र बुजवू नये. बंद खोलीत कोळशाची शेगडी पेटती ठेवून झोपले, तर कार्बन मोनॉक्साईड हा विषारी वायू साठतो. त्याला रंग नाही, वास नाही; माणूस झोपेतच दगावतो. डोके दुखले, मळमळले, तर लगेच उघड्यावर आणून दवाखाना गाठावा.

बंधूंनो, शेगडीऐवजी भाडेकरूला एक जादा घोंगडी द्या. भाडे घेतो, तर त्याच्या जिवाची काळजीही आपणच घ्यायची.