घरी बांधलेलं व्ही-एट : ऐकीव आणि खरं

मार्चमधल्या एका रविवारी कोल्हापूरला मामांना फोन केला आणि सांगितलं, गाडीचं इंजिन खाली घेतलंय, आता घरीच खोलून बांधणार. मामांचं सारं आयुष्य शेतीपंपांची ऑईल इंजिनं बांधण्यात गेलं. त्यांनी एकच विचारलं, "बोअर किती थाऊ खाल्लाय?" इथे मिशिगनमध्ये ज्यांना ज्यांना ही बातमी कळली होती, त्यांनी मात्र विचारलं होतं, "हॉर्सपॉवर किती काढणार?" जुन्या मसल कारच्या इंजिनाबद्दलचे बहुतेक गैरसमज या दुसऱ्या प्रश्नापाशी सुरू होतात. हे काम मोजण्याचं आणि धुण्याचं आहे, हे मामांना न सांगता माहीत होतं.

थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. डोक्यावरचा केस साधारण तीन थाऊ जाड असतो. पुढे जे काही लिहितो आहे, ते या मापातच समजून घ्यावं.

माझी गाडी १९६९ ची शेव्हरले कमॅरो. इंजिन ३५० घनइंचाचं, म्हणजे ५.७ लिटरचं व्ही-एट. मसल कारचं युग १९६४ च्या पाँटिअ‍ॅक जीटीओपासून धरतात. मध्यम आकाराच्या गाडीत तेव्हा मोठ्या गाडीचं ३८९ घनइंची इंजिन बसवलं गेलं. शेव्हरलेचं लहान ब्लॉकचं व्ही-एट त्याच्याही आधीचं, १९५५ चं, सुरुवातीला २६५ घनइंचांचं. ३५० चा अवतार १९६७ च्या कमॅरोतून आला. पुढे कितीतरी वर्षं ते असंख्य गाड्यांत बसत राहिलं, त्यामुळे त्याचे सुटे भाग आजही सहज मिळतात. पहिल्यांदा इंजिन बांधणाऱ्याने याच इंजिनापासून सुरुवात करावी, असं मी मनापासून सांगेन.

घरी बांधलं म्हणजे सगळंच घरी केलं, असं लोक धरून चालतात. तसं कुणीच करत नाही. ब्लॉकला कुठे तडा आहे का ते चुंबकीय पद्धतीने तपासणं, बोअरिंग-होनिंग, क्रँक ग्राइंडिंग, व्हॉल्व्हच्या सीट कापणं ही सगळी मशीन शॉपची कामं. खोलणं, खुणा करणं, मोजणं, धुणं आणि बांधणं एवढं घरचं. पण इंजिन टिकणार की नाही, ते या घरच्या अर्ध्यावरच ठरतं. मेन बेअरिंगच्या कॅप ब्लॉकला बोल्टने आवळूनच त्यांची भोकं एका रेषेत कापलेली असतात. खोलताना त्यांच्यावर क्रमांक आणि दिशा टाकायची राहिली, तर पुढे कुठलंही मशीन शॉप ती चूक स्वस्तात सुधारून देत नाही. आणखी एक, पिस्टन आधी आणावेत आणि ते घेऊन बोअरिंगला जावं. बोअर पिस्टनच्या मापाला करायचा असतो, पुस्तकातल्या आकड्याला नाही.

आता बोअरबद्दल. "तीस थाऊ बोअर मारला, आता गाडी उडेल" हे मी अनेकदा ऐकलं आहे. हिशोब करून बघा. या इंजिनाचा बोअर ४ इंच आणि स्ट्रोक ३.४८ इंच. बोअर ४.०३० केला की आठ सिलिंडर मिळून ३५० चे ३५५ घनइंच होतात. वाढ दीड टक्क्याच्या आसपास. सिलिंडर वर रुंद आणि खाली अरुंद असा झिजलेला असतो. तो पुन्हा गोल आणि सरळ व्हावा म्हणून बोअरिंग करायचं असतं. नव्या रिंगा गोल भिंतीवरच बसतात. ताकद हवी असेल तर ती हेड, कॅम आणि कॉम्प्रेशन यांच्या मेळातून येते.

ताकदीच्या जुन्या आकड्यांवरही डोळे झाकून विश्वास ठेवू नये. कॉर्वेटमधल्या एलटी-१ या ३५० इंजिनाचा छापील आकडा १९७० मध्ये ३७० हॉर्सपॉवर होता, १९७१ मध्ये ३३० आणि १९७२ मध्ये २५५. बघणाऱ्याला वाटतं, दोन वर्षांत इंजिनाचा जीव गेला. पहिली घट खरी होती, कारण कमी शिशाचं पेट्रोल चालावं म्हणून कॉम्प्रेशन ११ वरून ९ वर आणलं. दुसरी घट मात्र मुख्यतः मोजण्याच्या पद्धतीतली. तोवर उघडं इंजिन स्टँडवर चालवून, एअर क्लीनर आणि गाडीचा सायलेन्सर न लावता मोजत. १९७२ पासून सगळा सरंजाम लावून मोजलेला आकडा छापू लागले.

ब्लॉकचा वरचा पृष्ठभाग मशीनवर सपाट करून घेणं चांगलंच, पण एक गोष्ट मशीनवाल्याला तोंडी आणि लेखी दोन्ही सांगावी. या इंजिनाच्या पुढच्या बाजूला, उजव्या हेडच्या पुढे, एक छोटी सपाट पट्टी असते. कारखान्यात ठोकलेले क्रमांक त्या पट्टीवर असतात, आणि हे इंजिन याच गाडीचं आहे याचा तो पुरावा असतो. माझ्या ओळखीच्या एका माणसाचा ब्लॉक मशीन शॉपमधून आरशासारखा सपाट होऊन आला आणि ती पट्टीही कोरी झाली होती. इंजिन उत्तम चालतं. पण पन्नास वर्षांची ओळख दहा मिनिटांत पुसली गेली, याचं मला आजही वाईट वाटतं.

आता धुण्याकडे येतो, कारण सर्वांत जास्त इंजिनं इथे मरतात, असं माझं मत आहे. आपल्याकडे भाग धुवायचे म्हणजे रॉकेल. इथे लोक सॉल्व्हंट वापरतात. तेलकट चिकटा काढायला दोन्ही ठीक. पण होनिंग झाल्यावर सिलिंडरच्या भिंतीवर बारीक तिरक्या रेघांची जाळी उमटते, आणि त्या रेघांमध्ये होनच्या दगडाची पूड अडकून बसते. रॉकेल ती पूड नुसती इकडून तिकडे सरकवतं. ती काढायला लागतं गरम पाणी, भांडी घासायचा साबण आणि ब्रश. ओतीव लोखंडाला पाणी लावायला कुणाचाही हात धजत नाही. माझाही धजत नव्हता. पण साबणाच्या फेसातच ती पूड वर येते. मी बादल्यांवर बादल्या गरम पाणी घेतलं. तेलाच्या लांब वाटांमध्ये बाटली धुण्यासारखे बारीक ब्रश घातले. मग पांढरं फडकं घेऊन भिंत पुसली. पहिलं फडकं राखाडी आलं, दुसरंही, तिसरंही. सातव्या फडक्यावर डाग पडला नाही. त्यानंतर थांबायला वेळ नसतो, कारण नुसत्या हवेने पाचेक मिनिटांत भिंतीवर तांबूस गंज धरू लागतो. हवेच्या दाबाने पाणी उडवून लगेच तेलाचा हात फिरवावा लागतो.

ती तिरकी जाळी बघून अनेकांना वाटतं, भिंत नीट घासली गेली नाही, चकचकीत हवी होती. चकचकीत भिंतीवर तेल टिकत नाही आणि नव्या रिंगा बसत नाहीत. तसंच रिंगेच्या टोकांमधली फट. नव्या माणसाला वाटतं फट जितकी कमी तितकं कॉम्प्रेशन चांगलं. रिंग तापली की लांबते. फट पुरेशी नसेल तर दोन टोकं एकमेकांना भिडतात, रिंग भिंतीत रुतते आणि पिस्टनची कड तुटते. साधा नियम बोअरच्या प्रत्येक इंचामागे चार थाऊ, म्हणजे या इंजिनात सोळा थाऊच्या आसपास. प्रत्येक रिंग तिच्या स्वतःच्या सिलिंडरमध्ये सरळ बसवून फीलर गेजने मोजायची आणि लागेल तेवढी कानसायची.

बेअरिंगचं अंतर मोजण्यासाठी प्लास्टिगेज नावाचा मेणासारखा बारीक धागा मिळतो. क्रँकच्या जर्नलवर त्याचा तुकडा ठेवायचा, कॅप पूर्ण टॉर्कने आवळायची आणि क्रँक अजिबात न फिरवता पुन्हा उघडायची. चिरडलेल्या धाग्याची रुंदी पाकिटावरच्या पट्टीशी ताडून बघायची. माझ्या तिसऱ्या मेन बेअरिंगवर हिरवा धागा दोन थाऊच्या खुणेहून थोडा अरुंद, म्हणजे अंतर दोनाहून जरा जास्त. मामांना फोटो पाठवला. उत्तर आलं, "बांध."

जोर लावून आवळलं की पक्कं बसतं, ही समजूत तर घराघरात असते. बोल्ट हा एक ताणलेला स्प्रिंग असतो. ठरावीक ताणात तो धरून ठेवतो, त्यापलीकडे गेला की त्याचा जीव जातो. या इंजिनाच्या एकेका हेडला १७ बोल्ट. मधून सुरू करून बाहेरच्या बाजूला, तीन टप्प्यांत ६५ फूट-पौंडांपर्यंत. हे सगळे बोल्ट खाली पाण्याच्या कप्प्यात उघडतात, म्हणून आट्यांना सीलंट लावावंच लागतं. ते विसरलेल्या माणसाला मग गॅस्केट गळतंय असं वाटून दोनदा हेड उतरवताना मी पाहिलं आहे.

ब्लॉकच्या बाजूला जी गोल पत्र्याची झाकणं असतात त्यांना इथे सगळे फ्रीज प्लग म्हणतात, आणि थंडीत पाणी गोठलं तर ती निघून ब्लॉक वाचावा म्हणून दिलेली आहेत असं सांगतात. कोल्हापूरजवळच्या शिरोलीच्या फाउंड्रीत एकदा कास्टिंग बघितलेल्या माणसाला हे पटणार नाही. आतली पाण्याची जागा वाळूच्या कोअरने बनते. तो कोअर साच्यात धरून ठेवायला आणि ओतकाम झाल्यावर वाळू बाहेर काढायला भोकं लागतात, ती भोकं नंतर या झाकणांनी बुजवतात. गोठलेल्या पाण्याने झाकण कधी निघतं खरं, पण ब्लॉक बरेचदा तरीही फुटतो. थंडीतला खरा बचाव म्हणजे पाण्यात निम्मं कूलंट.

शिशाच्या पेट्रोलशिवाय जुनं इंजिन मरतं, ही भीती अजून गेलेली नाही. अमेरिकेत रस्त्यावरच्या गाड्यांसाठी १९९६ पासून आणि भारतात २००० पासून शिसं बंद झालं. शिसं एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या सीटवर पातळ थर धरून ती झिजू देत नसे. आता हेड मशीनवर गेलंच आहे, तर कडक धातूच्या एक्झॉस्ट सीट बसवून घ्याव्यात, की हा प्रश्न कायमचा संपतो. दर टाकीला बाटलीतलं औषध ओतत राहायची गरज उरत नाही. कॉम्प्रेशन जास्त ठेवलं असेल तर पेट्रोल चांगल्या ऑक्टेनचं लागतं. तो विषय वेगळा.

सगळ्यात महागात पडणारा गैरसमज शेवटी, कारण तो मलाही भोवला. नवं इंजिन पहिल्यांदा सुरू केलं की हळूहळू आयडलवर गरम होऊ द्यावं, असं कुणीही सांगेल. ऐकायला ते शहाणपणाचं वाटतं. पण या काळातल्या इंजिनांमध्ये कॅमवर सपाट टॅपेट सरकतात. टॅपेट दिसतो सपाट. प्रत्यक्षात त्याचा तळ किंचित फुगीर असतो आणि कॅमचा लोब किंचित तिरपा, त्यामुळे टॅपेट चालताना फिरत राहतो. पहिल्या अर्ध्या तासात हे दोन पृष्ठभाग एकमेकांना जुळवून घेतात. कॅमवर तेल पोहोचतं ते मुख्यतः फिरणाऱ्या क्रँकवरून उडून. आयडलला तेल कमी उडतं, आणि लोबच्या टोकावर दाब सर्वांत जास्त असतो. म्हणून इंजिन सुरू झाल्या क्षणी २००० आरपीएमच्या वर न्यायचं आणि वीस ते तीस मिनिटं तिथेच थोडं वर-खाली ठेवायचं.

माझ्या पहिल्या इंजिनाच्या वेळी मी कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोल भरून ठेवलं नव्हतं, डिस्ट्रिब्युटरची वेळही चुकलेली. बराच वेळ नुसता स्टार्टर मारत राहिलो आणि सुरू झाल्यावर प्रेमाने आयडलवर ठेवलं. दोन आठवड्यांनी एका व्हॉल्व्हची टकटक ऐकू येऊ लागली. कॅम बाहेर काढला तेव्हा एक लोब झिजून जवळजवळ गोल झालेला. सगळं इंजिन पुन्हा खोललं, पुन्हा धुतलं.

या वेळी आधी ड्रिल मशीनने डिस्ट्रिब्युटरच्या भोकातून ऑईल पंप फिरवला आणि गेजवर दाब दिसेपर्यंत थांबलो. फायरिंग ऑर्डर १-८-४-३-६-५-७-२ कागदावर लिहून रेडिएटरच्या सपोर्टला चिकटवली. तेल मुद्दाम जास्त जस्त-फॉस्फरसवालं घेतलं. आजचं महाग तेल जुन्या इंजिनाला अधिक चांगलं, असं समजून लोक कॅम गमावतात. २००४ मध्ये एपीआयच्या एसएम श्रेणीपासून पातळ तेलांतल्या फॉस्फरसवर ०.०८ टक्क्यांची मर्यादा आली, कारण फॉस्फरस कॅटॅलिटिक कन्व्हर्टर खराब करतो. रोलर टॅपेटच्या नव्या इंजिनांना त्याने फरक पडत नाही. सपाट टॅपेटला त्या जस्त-फॉस्फरसचाच आधार असतो.

पंचवीस मिनिटं मी घड्याळ आणि गेज यांच्यावरून नजर हटवली नाही. नंतर तेल गरम असतानाच काढलं, फिल्टर करवतीने कापला, आतला कागद अकॉर्डियनसारखा उलगडून उन्हात धरला. किंचित करडी चमक होती, ती नव्या रिंगा आणि कॅम बसताना येतेच. चुंबक फिरवला तर बोटाला टोचेल असा एकही कण नाही.

मामांनी फोनवर विचारलं, "तेलाचा दाब किती?"

"गरम असताना, आयडलला, पंचवीस पौंड."

"मग आता शंभर मैल चालव, आणि तेल परत काढून बघ."