दाभोशाचे पाणी आणि संगणकाचे उत्तर

जव्हारपासून सुमारे वीस किलोमीटरवर लेंडी नदी एका उंच कड्यावरून खाली झेपावते. हाच दाभोशाचा धबधबा. त्याची उंची सुमारे ३०० फूट आहे. पावसाळा सरताना आम्ही काही विद्यार्थ्यांना घेऊन तेथे गेलो होतो. पाण्याकडे टक लावून पाहत असलेल्या एका मुलाने विचारले, "सर, वरून सुटलेले पाणी खाली पोहोचायला किती वेळ लागत असेल?"

सूत्र सर्वांना पाठ होते. उंचीची दुप्पट करा, तिला गुरुत्व त्वरणाने भागा आणि वर्गमूळ काढा. अकरावीतल्या एका विद्यार्थ्याला आज्ञावली, म्हणजे संगणकाने करायच्या कामाची क्रमवार सूचनावली, लिहिता येत होती. त्याने मोबाईलवर चार ओळी लिहिल्या. उंची ३००, त्वरण ९.८. उत्तर आले ७.८ सेकंद.

इतर मुले तोवर घड्याळ लावून बसली होती. कड्यावरून सुटलेला फेसाचा एखादा पांढरा लोट नजरेने धरायचा आणि तो तळाशी पोहोचेपर्यंतचा वेळ मोजायचा. प्रत्येकाचे मोजमाप थोडे वेगळे आले, पण बहुतेक उत्तरे पाच ते सहा सेकंदांच्या दरम्यान होती.

"संगणक चुकला!" कोणीतरी ओरडले.

संगणक चुकला होता का? मुळीच नाही. त्याला सांगितले तेच त्याने केले. त्वरण मीटरमध्ये दिले होते आणि उंची मात्र फुटांत! ३०० फूट म्हणजे सुमारे ९१ मीटर. दुरुस्ती केल्यावर उत्तर आले ४.३ सेकंद.

या चुकीला हसू नका. १९९९ साली मंगळाजवळ पोहोचलेले 'मार्स क्लायमेट ऑर्बिटर' हे अमेरिकन यान अशाच कारणाने नष्ट झाले. एका आज्ञावलीने आवेगाचे आकडे ब्रिटिश एककात दिले आणि पुढच्या गणिताने ते मेट्रिक एककातले समजून वापरले. दोन्हींत सुमारे साडेचार पटींचा फरक होता. यान मंगळाच्या फारच जवळ गेले.

पण आमचे कोडे अजून सुटले नव्हते. आज्ञावली ४.३ म्हणते, घड्याळे पाच-सहा म्हणतात. आता आज्ञावलीत चूक नव्हती. चूक आमच्या गृहीतात होती. हे सूत्र निर्वात जागेसाठी आहे. दाभोशाचे पाणी हवेतून पडते, फुटते, त्याचे तुषार होतात आणि हवेचा विरोध त्याला मंदावतो.

संगणकाच्या आज्ञावली रचणाऱ्या अभियंत्याच्या शिक्षणाचे मर्म येथेच आहे. आज्ञावलीची भाषा काही महिन्यांत शिकता येते. पण यंत्राचे उत्तर यंत्राबाहेरच्या जगाशी ताडून पाहणे आणि जुळले नाही तर चूक लिहिण्यात आहे की समजण्यात हे ओळखणे, ही सवय अंगी बाणायला वर्षे लागतात.

परतताना एस.टी.त एका मुलीने हळूच विचारले, "सर, आमच्या घरी संगणक नाही. मला हे जमेल का?"

तिला मी मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेची हकिगत सांगितली. १९५०च्या दशकात रंगास्वामी नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली तेथील तरुणांच्या एका गटाने संगणक बांधायला घेतला. प्रिन्स्टन येथील एका संगणकाची रचना त्यांनी अभ्यासली. आधी १९५६ साली एक लहान, प्रायोगिक यंत्र चालवून पाहिले आणि मगच मोठ्या यंत्राकडे वळले. १९६० साली ते कामाला लागले. 'टिफ्रॅक' असे त्याचे नाव. त्यात सुमारे २७०० निर्वात नलिका होत्या आणि स्मृती होती फक्त २०४८ शब्दांची! तुमच्याजवळचा साधा मोबाईलही तिच्या लाखो पटींनी अधिक साठवतो.

पुढे काय झाले? १९६४ साली त्याच संस्थेत सीडीसी ३६०० हा कितीतरी मोठा संगणक आला आणि टिफ्रॅक लवकरच निवृत्त झाला. टिफ्रॅकच्या आज्ञा नव्या यंत्राला कळत नव्हत्या. १९९१ साली पुण्याच्या सी-डॅकने विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली 'परम ८०००' हा महासंगणक तयार केला. त्यात अनेक प्रक्रियक एकाच वेळी काम करत. त्यामुळे एकाच गणिताचे तुकडे करून ते वाटून कसे द्यायचे, ही नवी विद्या शिकावी लागली. भटकरांचा जन्म अकोला जिल्ह्यातील मुरंबा या खेड्यातला, हेही मी त्या मुलीला सांगितले.

यंत्रे बदलतात, भाषा बदलतात. आजची भाषा उद्या जुनी होईल. आता तर मागणी केल्यावर आज्ञावली लिहून देणारी यंत्रेही आली आहेत. मग माणसाजवळ काय उरते? ताडून पाहण्याची सवय. तिची सुरुवात कागद-पेन्सिलीने करता येते.

करून पाहा. धबधब्याची आज्ञावली साध्या मराठीत, एकेका ओळीत एकच काम, अशी वहीत लिहा. आता ती मित्राला द्या. त्याने स्वतःची अक्कल न चालवता, लिहिले आहे तेवढेच करायचे. उंची ४.९ मीटर दिली तर उत्तर १ सेकंद यायला हवे, १९.६ मीटर दिली तर २ सेकंद. उंची शून्य दिली तर? आणि कोणी चुकून ऋण संख्या दिली तर तुमची आज्ञावली काय करील? जेथे मित्र अडला, तेथे तुमची चूक आहे. ती तारीख घालून लिहून ठेवा. दुसऱ्याची वहीही अशीच तपासा. कामावरचे अभियंतेही एकमेकांच्या आज्ञावली अशाच वाचतात आणि त्यातूनच शिकतात.

त्या मुलीने पुढच्या आठवड्यात मला तिची वही दाखवली. पहिल्याच ओळीत लिहिले होते: "उंची फुटांत आहे की मीटरमध्ये, ते आधी विचारा."