टाचेच्या भेगेतून आत!

आत्ता या क्षणी तुमच्या हातांवर ढीगभर जिवाणू बसलेत, आणि तरी तुम्ही ठणठणीत आहात. कसे काय? कातडी धडधाकट असली की बहुतेकांना आत शिरायला वाटच सापडत नाही. मग ते दुसरीकडून घुसतात. कॉलऱ्याचा जिवाणू पाण्याबरोबर तोंडातून जातो, क्षयाचा श्वासाबरोबर.

पण मला सगळ्यांत नवल वाटतं ते लेप्टोस्पायराचं. पावसाळ्यात बातम्यांत येतो ना, तोच 'लेप्टो'! त्याचा मुक्काम उंदराच्या मूत्रपिंडात. उंदराला बहुधा काहीच होत नाही. तो मुतला की जिवाणू बाहेर पडतात आणि ओल्या मातीत, साचलेल्या पाण्यात आठवडेच्या आठवडे तग धरतात. त्याच पाण्यातून कुणीतरी अनवाणी जातं. टाचेला भेग, सोलवटलेला गुडघा, चप्पल चावून फुटलेला फोड... एवढी फट त्याला पुरे! कोकणात लावणीच्या दिवसांत माणसं तासन्‌तास चिखलात उभी असतात. पाण्याने भिजून मऊ पडलेल्या कातडीतूनही तो शिरतो. आणि पाणी डोळ्यांत उडालं किंवा नाकातोंडात गेलं, तर जखमही लागत नाही. तिथलं अस्तर फारच नाजूक.

हा दिसतो कसा? जाडी मिलिमीटरचा दहा हजारावा भाग, लांबी त्याच्या साधारण शंभर पट. अंगाला स्प्रिंगसारखे बारीक पीळ, टोकं आकड्यासारखी वाकलेली. पुष्कळ जिवाणू शेपट्या बाहेर काढून पोहतात. याच्या दोन शेपट्या मात्र बाहेरच्या आवरणाखाली दडलेल्या, दोन टोकांना एकेक! त्या आतल्या आत फिरतात आणि अख्खा जिवाणू गरागरा फिरत पुढे सरकतो. दाट, चिकट द्रवात तर तो साध्या पाण्यापेक्षाही जोरात पळतो. आत शिरला की पेशींमधून वाट काढत थेट रक्तात. 1915 साली जपानमध्ये इनादा आणि इदो या डॉक्टरांनी त्याला पकडलं, तेही कावीळ झालेल्या खाणकामगारांच्या रक्तातच.

ताप लगेच येत नाही. बहुधा आठवडा-दोन आठवडे जातात, तोवर आपण ते पाणी विसरूनही गेलेलो असतो. म्हणून पावसाळ्यात ताप आला की डॉक्टरांना आठवणीने सांगायचं, "मी तुंबलेल्या पाण्यातून गेलो होतो, पायाला जखम होती." फ्लूसारख्या दिसणाऱ्या तापात मग त्यांना लेप्टोचा संशय येतो, आणि वेळेत अँटिबायोटिक मिळालं की या पीळदार पाहुण्याचा निभाव लागत नाही.