ठेवावा की विकावा?

फुटबॉल क्लबापुढचा सर्वांत अवघड प्रश्न बहुधा पराभवाच्या नव्हे, तर यशाच्या मागोमाग येतो. करंडक घरी आलेला असतो, गोल करणारा आघाडीचा खेळाडू गावाच्या गळ्यातला ताईत झालेला असतो, आणि नेमका तोच एके दिवशी सांगतो, "मला जाऊ द्या." करार अद्याप शिल्लक असतो, मन मात्र उडालेले असते. अशा खेळाडूला ठेवावा की विकावा? गोव्यात फुटबॉल पाहत वाढलेल्या आपल्या वाचकांना, आणि रात्री जागून दूरचित्रवाणीवर इंग्लंडचे सामने पाहणाऱ्या त्यांच्या मुलांना, हा प्रश्न परका नाही. तथापि त्याच्या मुळाशी काय आहे, हे पाहायचे तर इंग्लंडच्या ईशान्येकडील न्यूकॅसल या शहरात जावे लागेल. हा पेच तेथील एकाच क्लबापुढे दोनदा उभा राहिला. या दोन प्रसंगांत पासष्ट वर्षांचे अंतर आहे.

पहिला प्रसंग १९६० सालचा. जॉर्ज ईस्टहॅम हा न्यूकॅसल युनायटेडचा अत्यंत कुशल आघाडीचा खेळाडू. त्या काळी इंग्लंडमधील फुटबॉलपटूला आठवड्याला वीस पौंडांपेक्षा अधिक वेतन देण्यास बंदी होती. त्याहून जाचक नियम दुसराच होता. खेळाडूचा करार संपला, तरी त्याची नोंदणी क्लबाकडेच राहत असे. क्लबाने सोडले नाही, तर त्याला दुसरीकडे खेळता येत नसे, आणि नवा करार नाकारला तर वेतनही बंद होत असे. राहत्या घरावरून आणि अन्य काही कारणांवरून ईस्टहॅमचे क्लबाशी बिनसले होते. १९६० मध्ये करार संपताच त्याने नव्या करारावर सही करण्याचे नाकारले. क्लबाने त्याला सोडण्याचे नाकारले. तेव्हा हा गुणी खेळाडू सरळ दक्षिणेकडे निघून गेला आणि बूचाच्या मालाची विक्री करून पोट भरू लागला.

अखेरीस त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात क्लब नमला आणि ४७,५०० पौंडांना त्याने ईस्टहॅम आर्सेनलला विकला. एवढ्यावर प्रकरण मिटले असते. पण खेळाडूंच्या संघटनेच्या पाठिंब्याने ईस्टहॅम न्यायालयात गेला. १९६३ मध्ये न्यायमूर्ती विल्बरफोर्स यांनी निकाल दिला, की करार संपल्यावरही खेळाडूला अशा रीतीने अडकवून ठेवणे म्हणजे त्याच्या व्यवसायस्वातंत्र्यावर अन्याय्य निर्बंध घालणे होय. वेतनाची कमाल मर्यादा १९६१ मध्येच गेली होती. आता दुसरी बेडीही सैल झाली. पुढे १९९५ च्या डिसेंबरात बोसमन या बेल्जियन खेळाडूच्या दाव्यात युरोपीय न्यायालयाने आणखी एक पाऊल टाकले. युरोपीय संघातील खेळाडू करार संपताच एक छदामही न देता दुसऱ्या क्लबाकडे जाऊ शकेल, असे ठरले.

या निकालांनी सारा डावच पालटला. पूर्वी क्लबाच्या हाती खेळाडू असे. आता त्याच्या हाती केवळ कराराची उरलेली वर्षे असतात. बर्फाची लादी उन्हात ठेवावी, तशी ही वर्षे दर महिन्याला वितळत जातात. पाच वर्षांचा करार असलेल्या खेळाडूला मोठी किंमत येते, एक वर्ष उरले की ती निम्म्यावर येऊ शकते, आणि शेवटच्या दिवशी शून्य होते. "मी विकणार नाही" असे म्हणणाऱ्या क्लबाला म्हणूनच मनात पुढचा प्रश्न विचारावा लागतो : "केव्हापर्यंत?"

दुसरा प्रसंग २०२५ चा. अलेक्झांडर इसाक हा स्वीडनचा स्ट्रायकर. २०२२ च्या ऑगस्टमध्ये न्यूकॅसलने त्याला स्पेनच्या रेआल सोसिएदादकडून सुमारे ६ कोटी ३० लाख पौंडांना, सहा वर्षांच्या करारावर घेतले होते. २०२४-२५ च्या हंगामात त्याने लीगमध्ये २३ गोल केले. १६ मार्च २०२५ रोजी वेम्बलीवर लीग कपच्या अंतिम सामन्यात न्यूकॅसलने लिव्हरपूलला २-१ असे हरवले. त्यातील एक गोल इसाकचा होता. १९५५ नंतर, म्हणजे तब्बल सत्तर वर्षांनी, त्या शहराला देशांतर्गत मोठा करंडक लाभला. आजोबांनी पाहिलेले दृश्य नातवांनी पाहिले. आणि त्यानंतर चार महिन्यांतच हा नायक संघाबरोबर आशियाच्या दौऱ्यावर गेला नाही. दुखापतीचे कारण सांगण्यात आले. पण त्याला क्लब सोडायचा आहे, हे लवकरच जगजाहीर झाले.

ज्या लिव्हरपूलविरुद्ध त्याने तो गोल केला होता, त्याच लिव्हरपूलने ११ कोटी पौंड देऊ केले. न्यूकॅसलने नकार दिला. ऑगस्टमध्ये इसाकने जाहीरपणे म्हटले, की आपल्याला दिलेली वचने मोडली गेली आणि विश्वास उरला नाही. क्लबाने उत्तर दिले, की या उन्हाळ्यात जाऊ देऊ असे वचन कोणत्याही अधिकाऱ्याने दिलेले नाही. कराराची तीन वर्षे बाकी होती, म्हणजे कायदा सर्वस्वी क्लबाच्या बाजूने होता. परंतु कायद्याने खेळाडूला करारात बांधता येते. त्याच्या पायातून गोल काढून घेता येत नाही.

येथे क्लबाची बाजूही समजून घेतली पाहिजे. हिशेबाच्या रीतीनुसार खरेदीची किंमत कराराच्या वर्षांवर वाटली जाते. इसाकच्या बाबतीत ही रक्कम वर्षाला सुमारे १ कोटी ५ लाख होत असल्याने तीन वर्षांनंतर वहीत त्याची किंमत जेमतेम ३ कोटी १५ लाख उरली होती. त्यावर जे मिळेल तो नफाच. त्या वेळच्या नियमांनुसार प्रीमियर लीगच्या क्लबाला तीन वर्षांत १० कोटी ५० लाख पौंडांहून अधिक तोटा दाखवता येत नसे, आणि त्या मर्यादेसाठी न्यूकॅसलने २०२४ च्या जूनमध्ये आपले दोन तरुण खेळाडू विकले होते. अशा क्लबाला मोठ्या नफ्याचा मोह पडावा, हे स्वाभाविक होते.

मग अडले कोठे? अडले ते जागा भरण्यापाशी. अनुभवी स्ट्रायकर कॅलम विल्सन त्याच उन्हाळ्यात करार संपून गेला होता. न्यूकॅसलने ज्यांच्यावर नजर ठेवली, ते एकेक करून इतरांनी नेले. एकिटिके लिव्हरपूलला गेला, शेश्को मँचेस्टर युनायटेडला आणि जोआव पेद्रो चेल्सीला. भरीस भर म्हणजे खेळाडूंची खरेदी-विक्री पाहणारे संचालक जूनअखेर पद सोडून गेले आणि सारा उन्हाळा ते आसन रिकामे राहिले. लीगच्या पहिल्या तीन सामन्यांत संघाला दोनच गोल करता आले आणि एकही विजय मिळाला नाही. अखेर ऑगस्ट संपता संपता जर्मनीच्या श्टुटगार्ट क्लबाकडून निक वोल्टेमाडे आणला गेला, आणि १ सप्टेंबरला, खरेदी-विक्रीच्या शेवटच्या दिवशी, इसाक १२ कोटी ५० लाख पौंडांना लिव्हरपूलला विकला गेला. ब्रिटनमधील तोवरचा हा सर्वांत मोठा सौदा होता. पैसा विक्रमी आला. पण नवा संघ उभा करण्याचे आठवडे हातचे गेले.

यावरून खेळाडूने हट्ट धरला की त्याला लगेच विकावे, असा निष्कर्ष कोणी काढील, तर तो घाईचा ठरेल. याच लिव्हरपूलने २०१३ मध्ये याच्या उलट केले होते. उरुग्वेचा लुईस सुआरेझ तेव्हा क्लब सोडण्यास उतावीळ झाला होता. त्याच्या करारातील एका कलमावर बोट ठेवून आर्सेनलने ४ कोटी आणि वर एक पौंड देऊ केला. लिव्हरपूलच्या मालकांनी तो साफ नाकारला. प्रशिक्षक ब्रेंडन रॉजर्स यांनी काही काळ सुआरेझला एकट्याने सराव करायला लावला. परंतु शिक्षेवरच गोष्ट सोडली नाही. कर्णधार स्टीव्हन जेरार्ड मध्ये पडला आणि त्याने सुआरेझला राहण्यासाठी राजी केले. आधीच्या बंदीमुळे सुआरेझ लीगचे पहिले पाच सामने खेळू शकला नाही. तरीही ३३ सामन्यांत, एकही पेनल्टी न घेता, त्याने ३१ गोल केले. आदल्या वर्षी सातवा आलेला संघ दुसरा आला. विजेतेपद अवघ्या दोन गुणांनी हुकले. २०१४ च्या जुलैमध्ये तो बार्सिलोनाला गेला, तो आधीच्या बोलीपेक्षा कितीतरी अधिक किमतीला.

क्लब न विकण्यावर ठाम राहिला, हे दोन्ही प्रसंगी घडले. मग फळ निराळे का? माझ्या मते, सुआरेझच्या वेळी नकार देणाऱ्यांच्या मागे समजूत घालणारा माणूस उभा होता, आणि खेळाडूला एका वर्षानंतरची वाट दिसत होती. न्यूकॅसलमध्ये वचन दिले की नाही, यावरच वाद पेटला. म्हणजे जे बोलले गेले, ते स्पष्टपणे लिहिले गेले नव्हते.

शाळा चालवणाऱ्याला हा पेच अनोळखी वाटत नाही. गणिताचा उत्तम शिक्षक आपल्या गावाजवळ बदली मागतो. वर्ष अर्ध्यावर असते, दहावीचा वर्ग समोर असतो. अर्ज दाबून ठेवला, तर शिक्षक वर्गात येतो, पण त्याचे चित्त तेथे नसते. लगेच सोडला, तर मुलांचे नुकसान होते. "परीक्षा होऊ द्या, मी स्वतः शिफारस करीन," असे सांगून ती शिफारस खरोखर केली, तर बहुतेक शिक्षक ते वर्ष मन लावून शिकवतात.

खेळाडूवर कृतघ्नतेचा शिक्का मारणे सोपे आहे. पण त्याची उमेद उणीपुरी पंधरा वर्षांची असते. ईस्टहॅमला त्याच्या हक्कासाठी बूच विकावे लागले, हे विसरून चालणार नाही. त्याचबरोबर, ज्या प्रेक्षकाने इसाकच्या नावाचा सदरा मुलासाठी विकत घेतला, त्याचे दुःखही खोटे नाही. या दोहोंमध्ये क्लबाने उभे राहायचे असते. म्हणून खेळाडू आनंदात असतानाच, करार भरभक्कम असतानाच, त्याची जागा घेणारा शोधून ठेवावा आणि जे वचन द्यायचे ते तारखेसह कागदावर उतरवावे. मन उडाल्यावर निर्णय घ्यायला बसलेल्या क्लबाला मिळते ती किंमत. वेळ मिळत नाही.

न्यूकॅसलला १३ सप्टेंबर २०२५ रोजी पहिला विजय मिळाला. वुल्व्हजविरुद्धचा तो एकमेव गोल पहिल्याच सामन्यात खेळणाऱ्या वोल्टेमाडेने डोक्याने मारला, आणि सेंट जेम्सेस पार्कमधील प्रेक्षक त्या नव्या, उंच खेळाडूसाठी उभे राहिले.